बॅटरीवर चालणाऱ्या वैद्यकीय उपकरणांची विद्युत सुरक्षा: दोष मुद्दाम घडवून तपासणी कशी करायची

सिरिंज पंप, मल्टिपॅरा मॉनिटर, पल्स ऑक्सिमीटर, पोर्टेबल ईसीजी ही उपकरणं बॅटरीवर चालतात, म्हणून त्यांचा शॉक लागत नाही, असा समज उपकेंद्रापासून ग्रामीण रुग्णालयापर्यंत पक्का बसलेला आहे. तो अर्धाच खरा आहे. चार्जर काढलेला असेल तर उपकरणाचा जमिनीशी आणि लाइनशी संबंध नसतो, हे बरोबर. पण जिथे लाइट कधी जाईल याचा नेम नाही तिथे चार्जर काढतो कोण? धारणी असो, एटापल्ली असो की झरी जामणी, पंपाचा चार्जर बोर्डात दिवसरात्र लागलेला असतो. रुग्णाच्या अंगाला वायर लागलेली असते त्या वेळी उपकरण प्रत्यक्षात बॅटरीवर नसतंच.

आयईसी ६०६०१-१ हे मानक (आपल्याकडे आयएस १३४५० भाग १) याबाबत स्पष्ट आहे. अंतर्गत वीजस्रोत असलेलं उपकरण चार्जरने लाइनला जोडता येत असेल, तर जोडलेलं असताना त्याने क्लास १ (सुरक्षेसाठी अर्थिंगवर अवलंबून असलेलं) किंवा क्लास २ (अर्थिंगऐवजी दुहेरी इन्सुलेशन असलेलं) यांचे सगळे नियम पाळलेच पाहिजेत. म्हणून तपासणी दोनदा करायची, एकदा चार्जर काढून आणि एकदा लावून. खरे दोष सापडतात ते दुसऱ्या वेळी.

आणखी एक फरक सुरुवातीलाच समजून घ्या. बॅटरी शॉर्ट करणं, उलटी जोडणं, मुद्दाम ओव्हरचार्ज करणं या चाचण्या उत्पादकाने नमुन्याच्या नगावर, प्रयोगशाळेत करायच्या असतात. त्यात तो नग निकामी झाला तरी चालतं. दवाखान्यात वापरात असलेल्या उपकरणावर करायच्या चाचण्या आयईसी ६२३५३ मध्ये दिल्या आहेत, आणि त्यांनी उपकरणाला इजा होत नाही. पहिल्या प्रकारातलं काहीही वॉर्डात करू नका.

आधी बोर्ड, मग उपकरण

अर्थिंग कच्चं असेल तर पुढचा एकही आकडा खरा निघत नाही. आपल्या विदर्भातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि एप्रिल-मे महिन्यांत वाळून भेगाळते. भेग अर्थिंगच्या पाइपजवळून गेली की पाइप आणि माती यांच्यात हवेची फट राहते आणि अर्थिंगचा रोध वाढत जातो. ऑगस्टमध्ये चांगलं असलेलं अर्थिंग मे महिन्यात नावापुरतं उरतं. म्हणून खड्ड्याचं मोजमाप अर्थ टेस्टरने उन्हाळ्यातच घ्या. रोध ५ ओहमच्या आत असावा असं धरून चालावं. जास्त आला तर खड्ड्यात रोज पाणी सोडा, क्लॅम्प घासून घट्ट करा आणि पुन्हा मोजा.

बोर्डावर मल्टीमीटरने तीन आकडे घ्या: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. सॉकेट समोरून पाहताना अर्थचं मोठं छिद्र वर असेल तर फेज उजवीकडे हवा. न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. मात्र फेज-अर्थमध्ये २३० व्होल्ट दिसले म्हणजे अर्थिंग चांगलं, असं समजू नका. डिजिटल मल्टीमीटरचा अंतर्गत रोध सुमारे १० मेगओहम असतो, त्यामुळे गंजून गेलेल्या जोडावरही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. फेज आणि अर्थमध्ये शंभरचा बल्ब लावून बघण्याची सवय तर मोडाच. अर्थची वायर पुढे कुठे तुटलेली असेल, तर बल्बमधून आलेला फेज त्या वायरवर जोडलेल्या प्रत्येक उपकरणाच्या धातूच्या भागावर येतो, आणि त्या वेळी वॉर्डात कोणीतरी पलंगाला धरून उभं असतं.

वॉर्डातल्या कूलरकडे खास लक्ष द्या. विदर्भात कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही, आणि त्याचा पत्र्याचा सांगाडा, पाण्यातला पंप आणि ओलसर वायरिंग यामुळे तोच वॉर्डातला सगळ्यात धोक्याचा जिन्नस असतो. मॉनिटर आणि कूलर एकाच एक्स्टेंशनवर कधीही नकोत. कूलरच्या हवेच्या झोतात चार्जर ठेवू नका. ओल आणि क्षार अडॅप्टरच्या फटींतून आत जातात आणि लीकेज (उपकरणातून बाहेर झिरपणारा करंट) वाढतं. बोर्डाला ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळला की लाइन तोडणारा स्विच) हवाच, पण त्याच्या भरवशावर राहू नका. आपण मोजणार आहोत ते आकडे मायक्रोअँपमधले, म्हणजे अँपियरच्या दहा लाखाव्या भागातले आहेत, आणि आरसीसीबीला ते जाणवतही नाहीत.

काय लागतं

इलेक्ट्रिकल सेफ्टी ॲनालायझर (लीकेज मोजणारं आणि स्विचने दोष घडवणारं यंत्र), ५०० व्होल्ट डीसीचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं मीटर), ट्रू आरएमएस मल्टीमीटर, स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल, रुग्णाच्या अंगाला लागणाऱ्या सगळ्या लीड (वायरी) एकत्र बांधायला उघडी तांब्याची तार, करंट लिमिट असलेला डीसी पॉवर सप्लाय, आणि चारचाकीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब. टेबल लाकडी आणि कोरडं असावं. स्टीलच्या ट्रॉलीवर ठेवलेल्या उपकरणातून ट्रॉलीकडे करंट जातो आणि आकडा चुकतो. खोलीत दुसरा माणूस असू द्या आणि मेन स्विच कुठे आहे ते त्याला दाखवून ठेवा. रुग्णाला जोडलेल्या उपकरणावर यातलं काहीही करायचं नाही.

ॲनालायझर जिल्ह्याच्या ठिकाणी अडकला असेल तर प्राथमिक चाळणीपुरतं मोजमाप घरी बनवलेल्या सर्किटवर करता येतं. मानकातलं शरीराचं प्रतिरूप साधं आहे: १ किलोओहमचा रोध, आणि त्याच्या दोन टोकांवर १० किलोओहम व १५ नॅनोफॅरडचा फिल्टर. मल्टीमीटर कपॅसिटरवर लावायचा. इथे १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मायक्रोअँप, त्यामुळे आकडेमोड करावी लागत नाही. एक टोक लीडच्या जुडग्याला, दुसरं त्याच बोर्डाच्या अर्थला. आधी क्लिप लावा, मग वीज सुरू करा, नंतर हात लावू नका. पण हे फक्त नेहमीच्या अवस्थेतल्या मोजमापापुरतंच. न्यूट्रल तोडणं, अर्थ तोडणं, लीडवर लाइन देणं ही कामं ॲनालायझरच्या स्विचनेच करायची. त्यासाठी वायर कापून एक्स्टेंशन बोर्ड बनवू नका.

डोळ्यांनी पाहणी

निम्मे दोष इथेच सापडतात, म्हणून घाई करू नका. सगळ्यात आधी चार्जर मूळचाच आहे का ते बघा. हरवलेल्या अडॅप्टरच्या जागी बाजारातला ‘१२ व्होल्ट २ अँप’ आणून लावणं हा नेहमीचा प्रकार. पिन बसते, बॅटरी चार्ज होते, सगळं ठीक वाटतं. फरक आत असतो. वैद्यकीय अडॅप्टरमध्ये लाइन आणि आउटपुट यांच्यात रुग्ण-संरक्षणाचे दोन थर लागतात: ४,००० व्होल्ट एसीची चाचणी आणि पृष्ठभागावरून ८ मिलिमीटर अंतर. साध्या अडॅप्टरला ३,००० व्होल्ट आणि ५ मिलिमीटर पुरतात. शिवाय गोंगाट कमी करायला लाइन आणि आउटपुटमध्ये वाय-कपॅसिटर बसवलेला असतो. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर दर नॅनोफॅरडमागे ७२ मायक्रोअँपपर्यंत करंट त्यातून जाऊ शकतो, आणि साध्या अडॅप्टरमध्ये तो कपॅसिटर एक-दोन नॅनोफॅरडचा सहज असतो. म्हणून पर्यायी अडॅप्टर आणायचाच असेल तर लेबलवर ६०६०१-१ लिहिलेलं बघा, व्होल्टेज आणि पिनची ध्रुवता जुळवा, आणि लावल्यावर लीकेज पुन्हा मोजा.

लेबलवरची चिन्हं वाचा. चौकोनात चौकोन म्हणजे क्लास २. प्लग तीन पिनांचा आहे म्हणून उपकरण क्लास १ ठरत नाही. रुग्णाच्या कनेक्टरजवळ नुसता माणूस असेल तर टाइप बी, चौकोनातला माणूस म्हणजे बीएफ, चौकोनातलं हृदय म्हणजे सीएफ. मर्यादा यावरूनच ठरतात.

मग बॅटरीचं झाकण उघडा. फुगलेला पॅक, टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी, फ्यूजच्या जागी गुंडाळलेली तार, मुंग्यांची माती हे सगळं शोधा. पॅक बदललेला असेल तर वायरी मोजा. मूळ लिथियम किंवा निकेल पॅकला बहुधा तीन किंवा जास्त वायरी असतात आणि त्यातली एक तापमान मोजणाऱ्या थर्मिस्टरची असते. गावात सेल बदलताना ती तिसरी वायर सोडून देतात, किंवा तिच्या जागी साधा रोध टाकून चार्जरला फसवतात. चार्जिंग तर होतं, पण पॅक किती तापला हे चार्जरला कधीच कळत नाही. लिथियम-आयन सेल साधारणपणे ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात, आणि चंद्रपूर-वर्ध्याकडे मे महिन्यात बाहेरचा पाराच तिथवर जातो. असा पॅक दिसला तर पुढची चाचणी न करता उपकरण बाजूला काढा.

अर्थ आणि इन्सुलेशन

क्लास १ असेल तरच अर्थ कंटिन्युइटी मोजायची. प्लगच्या अर्थ पिनपासून मागच्या धातूच्या स्क्रूपर्यंत, वायरसकट, ०.३ ओहमच्या आत. चाचणीचा करंट किमान २०० मिलिअँप हवा. आकडा येत असताना वायर प्लगजवळ आणि मशिनजवळ वाकवून बघा. आत एकच धागा शिल्लक असला तरी स्थिर वायरवर मल्टीमीटर शून्य दाखवतो, वाकवल्यावर मात्र आकडा उड्या मारतो.

इन्सुलेशनसाठी प्लगचे फेज-न्यूट्रल एकत्र करून ५०० व्होल्ट डीसी द्या. क्लास १ ला अर्थपर्यंत २ मेगओहम, क्लास २ ला बाहेरून हाताला लागणाऱ्या धातूपर्यंत ७ मेगओहमपेक्षा जास्त हवेत. लाइनमनकडचा हजार व्होल्टचा मेगर उसना आणू नका, आणि मेगर बॅटरीच्या टर्मिनलवर कधीच लावू नका.

लीकेज: इथे दोष घडवायचे

अर्थ आणि इन्सुलेशन पास झाल्यावरच पुढे जा. ईसीजीच्या दहाही लीड तांब्याच्या तारेने एकत्र बांधा. एसपीओटू प्रोबला (पल्स ऑक्सिमीटरच्या बोटाच्या चिमट्याला) धातू नसतो, त्याला फॉइल गुंडाळा. प्लॅस्टिकच्या बॉडीवर १० बाय २० सेंटिमीटरची फॉइल घट्ट दाबून लावा, तो हाताच्या पंजाचा आकार धरलेला आहे.

पहिला आकडा चार्जर काढून, उपकरण बॅटरीवर चालू ठेवून घ्या. तो जवळपास शून्य आला पाहिजे. जास्त आला तर जमिनीकडे जाणारी दुसरी वाट शोधा. अनेकदा कॉम्प्युटरला लावलेली यूएसबी केबलच सापडते.

आता चार्जर लावा. दोषांचा नियम असा की एका वेळी एकच. नेहमीची अवस्था, मग न्यूट्रल तोडलेला, मग न्यूट्रल जोडून अर्थ तोडलेलं. हे तिन्ही सरळ ध्रुवतेवर आणि उलट्या ध्रुवतेवर. उलटी ध्रुवता हा मानकाच्या दृष्टीने दोष नाही, बोर्डात फेज-न्यूट्रल अदलाबदल होणं नेहमीचंच धरलेलं आहे. म्हणजे सहा आकडे झाले. हेच सहा पुन्हा बॅटरी उतरलेली असताना घ्या, कारण त्या वेळी चार्जर पूर्ण ताकदीने चालतो. एकूण बारा. क्लास २ ला अर्थचा दोष नाही, तिथे आठ. स्विच बदलल्यावर आकडा स्थिर होईपर्यंत थांबा.

न्यूट्रल तोडलेल्या अवस्थेत बॅटरीवाली उपकरणं फसवतात. पडदा चालू राहतो, पंप चालू राहतो, कारण उपकरण गुपचूप बॅटरीवर गेलेलं असतं. बघणाऱ्याला वाटतं लाइट गेली, आता काय मोजायचं? पण फेज अजून चार्जरच्या फिल्टरपर्यंत पोचलेला असतो. न्यूट्रलची बाजूही आतल्या सर्किटमधून फेजच्या पातळीला चढते, आणि लीकेज बरेचदा जवळपास दुप्पट होतं. हा आकडा सोडू नका. वॉर्डात सैल झालेली पिन नेमकी हाच दोष घडवते. तसंच उपकरणाचं बटण बंद असतानाही एकदा मोजा. समोरचं बटण फक्त पडदा बंद करतं, चार्जर जिवंतच राहतो.

मर्यादा अशा आहेत. बॉडीला स्पर्श केल्यावरचा करंट नेहमीच्या अवस्थेत १००, एका दोषात ५०० मायक्रोअँप. रुग्णाच्या लीडमधून जाणारा एसी करंट बी आणि बीएफला १०० आणि ५००, सीएफला १० आणि ५०. डीसी करंट सगळ्या प्रकारांना १० आणि ५०. बॅटरीच्या उपकरणात डीसी विसरू नका. आतलं इन्सुलेशन ओलावलं की बॅटरीचाच करंट लीडवर येतो, आणि तो सतत राहिला तर इलेक्ट्रोडखालची कातडी भाजते. हे आकडे ६०६०१-१ चे आहेत. ॲनालायझरवर ६२३५३ निवडलं तर पद्धत आणि मर्यादा दोन्ही बदलतात: डायरेक्ट पद्धतीत उपकरणाचं लीकेज क्लास १ ला ५००, क्लास २ ला १००. दोन मानकांचे आकडे एका कागदावर मिसळू नका.

व्होल्टेजची दुरुस्ती करायची राहून जाते, आणि खेड्यात ती महागात पडते. संध्याकाळी शेतीपंप सुरू असताना लाइन १९० व्होल्टवर आलेली असेल आणि आकडा ८० आला, तर तसाच धरून पास म्हणू नका. ८० गुणिले २३० भागिले १९०, म्हणजे ९७. पहाटे लाइन २५० वर गेली की तेच उपकरण १०५ दाखवेल. मोजताना लाइनचं व्होल्टेज शेजारी लिहा आणि आकडा २३० वर आणूनच निकाल द्या.

शेवटची लीकेज चाचणी बीएफ आणि सीएफसाठी, लीडवर लाइन देऊन. चार्जर काढलेल्या उपकरणावरही ही करायचीच. बॉडीला फॉइल गुंडाळून ती ॲनालायझरच्या अर्थला जोडा. ॲनालायझर आतल्या रोधातून लीडवर २३० व्होल्ट देतो. यात घडवलेला दोष असा: रुग्णाचा हात करंट उतरलेल्या कूलरला लागला, तर तो करंट आपल्या मॉनिटरमधून वाट काढेल का? उपकरणाचं विलगीकरण (रुग्णाकडची बाजू लाइन आणि अर्थपासून वेगळी राखणं) चांगलं असेल तर वाट मिळत नाही. मर्यादा बीएफला ५,०००, सीएफला ५० मायक्रोअँप. टाइप बीला विलगीकरण नसतं, म्हणून तिथे ही चाचणी नाही, आणि म्हणूनच टाइप बी उपकरण हृदयाजवळच्या कॅथेटरला कधी जोडायचं नाही. चाचणीच्या वेळी लीड, फॉइल, कनेक्टर कशालाच हात लावू नका.

डिफिब्रिलेटरची बॉडी उघडू नका. बंद केल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये हजारो व्होल्ट शिल्लक राहू शकतात. त्याची ऊर्जा मोजायला ५० ओहमचा लोड असलेला वेगळा ॲनालायझर लागतो.

बॅटरीचे दोष

सीलबंद १२ व्होल्ट लेड-ॲसिड पूर्ण चार्ज करून काही तास मोकळी ठेवली की १२.७ च्या आसपास दिसावी. पण मोकळ्या व्होल्टेजवर विश्वास ठेवू नका. ७.२ अँप-तासाच्या बॅटरीला २१ वॅटचा बल्ब लावा, सुमारे पावणेदोन अँप जातील. १०.५ व्होल्टला पोचेपर्यंतचा वेळ बघा आणि तिथे लगेच बल्ब काढा. चांगली बॅटरी तीन तासांच्या पुढे जाते. दोन तासांच्या आत बसली तर बदला.

चार्जरचं फ्लोट व्होल्टेज (बॅटरी भरल्यावर ती भरलेली राखणारं व्होल्टेज) २५ अंशांना १३.५ ते १३.८ असतं, आणि प्रत्येक अंशामागे सुमारे १८ मिलिव्होल्ट कमी व्हायला हवं. ४५ अंशांना ते साधारण ०.३६ व्होल्टने खाली यावं. साध्या चार्जरमध्ये ही सोय नसते. म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यात बॅटऱ्या आतून वाळतात आणि फुगतात. खोलीला पंखा आणि चार्जरला मोकळी हवा, एवढं तरी द्या.

लो बॅटरीचा अलार्म बघायला बॅटरीच्या जागी पॉवर सप्लाय जोडा. लाइनचा चार्जर आधी काढा, नाहीतर तो पॉवर सप्लायलाच चार्ज करू पाहील. करंट लिमिट उपकरणाच्या नेहमीच्या करंटच्या दीडपट ठेवा, १२.६ व्होल्टपासून हळूहळू खाली या, अलार्म किती व्होल्टला वाजला आणि उपकरण किती व्होल्टला बंद पडलं ते लिहा. सिरिंज पंपावर मात्र खऱ्या बॅटरीने, ताशी ५ मिलिलिटर गती लावून पूर्ण वेळ चालवा. बंद पडण्याच्या किमान ३० मिनिटं आधी इशारा यायला हवा. हा अर्धा तास म्हणजे सिस्टरला दुसरा पंप लावायला मिळणारा वेळ आहे.

उपकरण बंद असताना बॅटरीतून किती करंट जातो तेही बघा. ५० मिलिअँप जात असेल तर ७ अँप-तासाची बॅटरी सहा दिवसांत रिकामी होते. उपकेंद्रातल्या कपाटात ठेवलेला मॉनिटर गरजेच्या वेळी सुरू होत नाही तो बहुधा यामुळे.

लाइनवरून बॅटरीवर जातानाही एक चाचणी आहे. पंप चालू असताना प्लग ओढा. गती, औषधाचं एकूण माप आणि अलार्मच्या मर्यादा तशाच राहिल्या पाहिजेत. काही उपकरणं क्षणभर रीसेट होऊन मर्यादा कंपनीच्या मूळ आकड्यांवर आणतात. पडदा लगेच परत येतो, म्हणून हे कोणाच्या लक्षात येत नाही. सलग पाच वेळा ओढून बघा.

तासभर चार्जिंगवर चालवल्यानंतर रुग्णाला टेकणाऱ्या भागाचं तापमान घ्या. १० मिनिटांपेक्षा जास्त अंगाला लागून राहणारा भाग ४३ अंशांच्या वर जाता कामा नये. खोलीच ४२ अंशांवर असेल तर या मर्यादेत काहीच जागा उरत नाही. बहुतेक उपकरणांच्या पुस्तिकेत वापराची हद्द ४० अंशांपर्यंतच असते, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी कळवा.

निकाल आणि नंतरचं

प्रत्येक नगाच्या कागदावर अनुक्रमांक, अडॅप्टरचा नंबर, तारीख, खोलीचं तापमान, लाइनचं व्होल्टेज आणि सगळे आकडे. मागच्या वेळी २० असलेला आकडा आता ६० झाला असेल तर मर्यादेत असला तरी उघडून बघा. जिनिंगच्या गावांत हवेतला कापसाचा भुगा अडॅप्टर आणि पंख्याच्या जाळीत साचतो, पावसाळ्यात ओल धरतो आणि आकडा वर नेतो. ब्रशने साफ करा, कोरड्या खोलीत दिवसभर ठेवा, पुन्हा मोजा. आकडा उतरला तर ओल होती. नाही उतरला तर अडॅप्टर बदलून मोजा, म्हणजे दोष चार्जरचा की उपकरणाचा ते कळेल.

नापास नगाला लाल चिठ्ठी लावा, आणि त्याचा अडॅप्टर त्याच्याच सोबत बांधून ठेवा. नापास अडॅप्टर सुटा राहिला की संध्याकाळपर्यंत दुसऱ्या पंपाला लागलेला असतो. रुग्णाला काही इजा झाली असेल तर उपकरण न उघडता, आहे तसं ठेवा आणि भारतीय मटेरियोव्हिजिलन्स कार्यक्रमाच्या (वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या इजांची नोंद ठेवणाऱ्या) फॉर्मवर कळवा. काढलेल्या बॅटऱ्या भंगारवाल्याला द्यायच्या नाहीत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे त्या अधिकृत संकलनातच जायला हव्यात. तोवर टर्मिनलवर चिकटपट्टी लावून, फुगलेले लिथियम पॅक वाळू भरलेल्या धातूच्या डब्यात, औषधांच्या आणि ऑक्सिजनच्या खोलीपासून दूर ठेवा.